सायन्सच्या पोरांना चित्रं बघू द्या, आकडेही नीट वाचू द्या

मे महिन्यात रत्नागिरीत कुठल्याही नाक्यावर उभे राहिलात तर दोन प्रकारचे बॅनर दिसतील, आंब्याचे आणि क्लासचे. नीट, जेईई, सीईटी, क्रॅश कोर्स, फाउंडेशन बॅच, आणि आता बीएस्सीवाल्यांसाठी पण बँकेच्या परीक्षांची सुट्टीतली बॅच. निकाल लागले की अभिनंदनाचे बॅनर त्यात मिसळतात आणि पुढच्या वर्षीच्या मुलांचा मे महिना विकायला निघतो. कडक वाटेल, पण मला तेच म्हणायचंय. सुट्टी मुलांची असते, ती विकली जातेय, आणि विकत घेणाऱ्या आईबाबांना आपण मुलांचं भलंच करतोय असं मनापासून वाटतं, त्यामुळे याबद्दल कोणी बोलत पण नाही.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि सुट्टी दोन कामांत घातली. स्टॅटिस्टिक्स शिकले, आणि चित्रांची, शिल्पांची प्रदर्शनं बघितली. ‘सायन्सला आहेस ना गो, मग हे काय मध्येच?’ हे मला घरी, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकायला मिळालं. विचारणारी माणसं आपलीच आहेत, काळजीने विचारतात, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टी सायन्स शिकण्याच्या मुळाशी आहेत. समोर जे ठेवलंय ते घाईने मान्य न करता नीट बघायचं, जवळून बघायचं, लांबून बघायचं आणि मग बोलायचं, हे दोन्हींत शिकायला मिळतं. आणि हे शिक्षण कोकणातल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यात, कॉलेजमार्फत, क्रेडिट धरून, म्हणजे पदवीच्या हिशोबात मोजून, मिळायला पाहिजे.

आधी स्टॅटिस्टिक्स. ते आम्हाला कधी शिकवलंच नाही असं नाही. मीन, मिडियन, मोड, स्टँडर्ड डेव्हिएशन, सगळं झालंय. पण उदाहरण कायम तेच, एका वर्गातील ५० विद्यार्थ्यांचे गुण. ते विद्यार्थी कोण, कुठल्या शाळेतले, पेपर कसला होता, कोणाला काही माहीत नाही, कारण ते कुणीतरी बसल्या जागी लिहिलेले आकडे असतात. कॅल्क्युलेटरवर मारायचे, जर्नलमध्ये उतरवायचे, सही घ्यायची, संपलं. हा डेटा आला कुठून, कोणी गोळा केला, त्यातून कोण सुटलं, असं मला आजवर वर्गात कोणी विचारलेलं आठवत नाही, आणि स्टॅटिस्टिक्स खरंतर तिथूनच सुरू होतं.

आता साक्याचं बघा. साका माहीत नाही असा कोकणी माणूस मिळायचा नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. हापूस वरून एकदम झकास दिसतो, रंग आलेला, वास सुटलेला, आणि कापला की आत कोयीजवळ पांढरट, स्पंजसारखा आंबट भाग निघतो, म्हणजे आंबा गेला. वरून बघून कळत नाही, कापल्याशिवाय कळत नाही आणि कापला की विकता येत नाही. तर बागायतदाराने किंवा व्यापाऱ्याने करायचं काय? ढिगातले थोडे कापून बघायचे आणि बाकीच्यांबद्दल अंदाज बांधायचा. हेच ते सॅम्पलिंग, पुस्तकात ज्याला दोन पानं दिलेली असतात आणि परीक्षेत ज्यावर ‘व्याख्या लिहा’ येतं. समजा ढिगातल्या दर १० आंब्यांमागे १ ला साका आहे. तुम्ही ५ आंबे कापले आणि पाचही चांगले निघाले. किती जण खात्रीने म्हणतील की माल स्वच्छ आहे? पण हिशोब केला तर एवढा साका असतानासुद्धा पाचही चांगले निघण्याची शक्यता जवळजवळ ५९ टक्के येते. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही फसणार. २० कापले तर ती शक्यता १२ टक्क्यांवर येते. मग पुढचा प्रश्न, २० कुठले? वरचे वर उचलले की ढीग हलवून कुठलेही घेतले? काढल्यावर तापलेल्या कातळावर पडून राहिलेल्या आंब्यात साका जास्त होतो हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, म्हणून तर सावलीत ठेवा, उन्हाच्या आधी काढा, चौदा आणे तयार झालेलाच काढा असं सांगतात. मग सावलीतल्या ढिगातले २० कापून सगळ्या बागेबद्दल कसं बोलणार? हा सगळा विचार मी आमच्या पडवीत पेट्या भरणाऱ्या माणसांबरोबर बसून केला आणि खरं सांगते, वर्षभराच्या लेक्चरांत एवढं डोक्यात शिरलं नव्हतं. ती माणसं हे सगळं अनुभवाने करतच होती, मला फक्त त्याच्या बाजूला आकडा ठेवता आला.

दुसरी गोष्ट म्हणजे हापूस देवगडचा की रत्नागिरीचा. हा वाद आमच्याकडे दर उन्हाळ्यात होतो आणि दोन्ही बाजू शपथेवर सांगतात की डोळे मिटून ओळखू. तर रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या पुस्तकात असाच एक वाद लिहून ठेवलाय, चहाचा. एक बाई म्हणाल्या की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, ते मला चवीवरून कळतं. फिशरने मांडणी अशी केली की ८ कप घ्यायचे, ४ एका पद्धतीचे, ४ दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि बाईंनी त्यातले ४ ओळखायचे. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त १. आम्ही आंब्याच्या ८ फोडी केल्या, ४ देवगडच्या, ४ आमच्या. कापणारा वेगळा, भरवणारा वेगळा, आणि भरवणाऱ्यालाही माहीत नाही कुठली फोड कुठली, खाणाऱ्याच्या डोळ्यांना रुमाल. शेजारचे काका बसले, आंब्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी ४ तले ३ बरोबर ओळखले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ३ किंवा त्याहून जास्त बरोबर हे नुसत्या अंदाजानेही ७० त १७ वेळा येतं, म्हणजे साधारण चारात एकदा. याचा अर्थ काकांना कळत नाही असा अजिबात होत नाही. एवढ्या छोट्या परीक्षेतून ते ठरत नाही, इतकाच होतो. काका हे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, ‘मग परत करूया, जास्त फोडी घे.’ मला वाटतं विज्ञान यापेक्षा वेगळं काही सांगत नाही, आणि हे ज्या माणसाला पटलं त्याच्या नावामागे कुठली डिग्री नाही.

हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकला जातो म्हणून इथे सगळे चिडलेले असतात, आणि ते चिडणं बरोबरच आहे. पण मग असली चाचणी नीट, मोठ्या प्रमाणावर कशी घ्यायची, किती फोडी, किती माणसं, हे काम आमच्या जिल्ह्यातल्या एका तरी वर्गाला उन्हाळ्याचा प्रोजेक्ट म्हणून का देऊ नये? आंबा इथलाच, मुलं इथलीच, प्रयोगाला वजनकाटा आणि सुरी लागते.

सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवायची तर आपल्याला सवयच लागलीय. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वर्षाच्या दिवसांनी भागलं तर रोज ८ मिलिमीटर, म्हणजे बारा महिने हिरवंगार असायला हवं. पण पडतो तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, डोंगर उताराचा, जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, पाणी बघता बघता खाडीला लागतं आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांवर टँकर चढतात. आणि तोच पाऊस २०२१ च्या २२ जुलैला एकदम कोसळला तेव्हा चिपळूण बुडालं. सरासरीच्या एका आकड्यात टँकर पण दिसत नाही आणि चिपळूण पण दिसत नाही. किंवा दहावीचा निकाल घ्या. कोकण मंडळ स्थापनेपासून राज्यात पहिलं, २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२. अभिमान वाटतोच. आपलं मंडळ दोनच जिल्ह्यांचं, मुलं सगळ्यात कमी, आणि छोट्या गटाचा टक्का खरंतर दरवर्षी जास्त खालीवर व्हायला हवा, तरी दरवर्षी पहिला नंबर म्हणजे नशिबाचा भाग नाही, शाळा आणि शिक्षक काम करतायत. पण शंभरातली नव्याण्णव मुलं पास होत असतील तर तो आकडा पुढे काहीच सांगत नाही. ती काठावर पास झाली की वर, गणितात कुठे अडखळली, मुलगे-मुलींत काय फरक, आडगावच्या शाळांचं काय, त्यासाठी सगळी मांडणी डोळ्यांनी बघावी लागते. बॅनरवर ती मांडणी कोणी छापत नाही.

डोळ्यांनी बघावी लागते, हे मी सहज लिहिलं नाही. फ्रान्सिस अ‍ॅन्सकॉम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार गट छापले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही गटांची सरासरी सारखी, पसारा, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते, सारखा, कोरिलेशन, म्हणजे जोडीतल्या दोन आकड्यांचं नातं किती घट्ट ते, ०.८१६ च्या आसपास, रेषा बसवली तरी तीच येते. कागदावर चौघं जुळी भावंडं. ग्राफ काढला की पहिल्यात ठिपके साधारण रेषेच्या आसपास विखुरलेले, दुसऱ्यात चक्क कमान, तिसऱ्यात सगळे सरळ रेषेत आणि एकच ठिपका उधळलेला, चौथ्यात सगळे एकावर एक उभे आणि एक लांब कोपऱ्यात. मी ते आर मध्ये काढलं, आर म्हणजे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात दोन प्राध्यापकांनी सुरू केलेलं आणि आज जगात कोणालाही फुकट मिळणारं. जुन्या लॅपटॉपवर चालतं, लेक्चर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर फुकट आहेत, पैशाची अडचण यात फार कमी आहे. ते चार ग्राफ एकाखाली एक आले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. आकड्यांचं शास्त्र शिकवणारा माणूस सांगतोय की हिशोबाच्या आधी चित्र बघा. आणि चित्र बघायला आम्हाला शाळेपासून आजपर्यंत कोणी शिकवलंय?

शाळेत चित्रकला असते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटपुरती. स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, आणि दहावीला जास्तीचे मार्क. मार्क मिळाले की रंगपेटी माळ्यावर. दहावीनंतर सायन्स घेतलं की त्या मुलाचा चित्राशी संबंध आला तर तो बायोलॉजीच्या जर्नलमध्ये, तिथेही जुन्या जर्नलवरून उतरवलेल्या आकृत्या, कारण बेडकाच्या हृदयाची आकृती सगळ्यांची सारखीच यायला हवी असते. म्हणजे जिथे डोळे वापरायचे तिथेच आपण त्यांना सुट्टी दिलीय. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड ठेवून ‘काय दिसतंय’ विचारलं तर आम्ही पुस्तकात काय आहे ते सांगतो, आणि पुस्तकातलं दिसलं नाही तर स्लाइड खराब म्हणतो.

मावशी डोंबिवलीला राहते, तिच्याकडे राहून मुंबई बघितली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि तरीही पहिल्यांदा दारात पाय अडखळतो, आपण इथले नाही असं वाटतं. आत कोणी काही विचारत नाही. दर आठवड्याला चित्रं बदलतात, बऱ्याचदा चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो, टेबलावर अभिप्रायाची वही. एका चित्रासमोर मी थांबले, लांबून करड्या रंगाची भिंत वाटत होती, जवळ गेले तर त्यात निळा, तांबूस, शेवाळी, किती थर, आणि वरचा थर जागोजागी खरवडून खालचा उघडा केलेला. चित्रकाराला विचारलं हे कसं ठरवलंत, ते म्हणाले, ठरवलं नाही, खरवडत गेलो आणि थांबायचं कुठे ते बघत राहिलो. मला हे उत्तर फार आवडलं. डेटा साफ करताना पण हेच करावं लागतं, किती काढून टाकायचं आणि कुठे हात थांबवायचा, आणि त्याचाही नियम कुठल्या पुस्तकात पूर्ण लिहिलेला नाही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, तिथे दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. १९०७ मध्ये गोव्यात कोसबेनला जन्मलेला, आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस, पेशाने गणिती. त्यांनी काय केलं, चांदीची जुनी आहत, म्हणजे ठसे मारून केलेली, नाणी तराजूत घालून एकेक तोलली. विचार साधा होता, टांकसाळीतून निघताना नाणी साधारण एका वजनाची असतात, मग हातोहाती फिरताना झिजतात, कुठलं जास्त झिजतं कुठलं कमी. म्हणजे जितकी जास्त वर्षं फिरली तितकी सरासरी खाली येते आणि वजनांतला फरक वाढतो. नाण्यांच्या पाठीवर वेळोवेळी मारलेल्या छोट्या खुणा असतात, जितक्या खुणा जास्त तितकं वजन कमी. त्यावरून कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची, याचा अंदाज बांधता आला. काचेच्या पेटीत ठेवलेली आणि लोक दोन सेकंद बघून पुढे जातात ती वस्तू, आणि एका माणसाने तिच्यात इतिहास वाचला, तोही सरासरी आणि पसाऱ्यातून! म्युझियम एकीकडे आणि स्टॅटिस्टिक्स दुसरीकडे असं ज्यांना वाटतं त्यांनी कोसंबींचं हे काम बघावं. आणि आमच्या सिलॅबसमध्ये ते नाव मला कुठे सापडलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं मुंबईत, कोकणात काय आहे? तर खूप आहे आणि तेच माझं दुखणं आहे. मांडव्याची बोट पकडून सासवण्याला गेलात तर शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर शिल्पालय म्हणून उघडं आहे. हे तेच करमरकर ज्यांनी पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा केला. तिथे सिमेंटची म्हैस आहे, कोळीण आहे, गावातली साधी माणसं आहेत, आणि बघताना कळतं की या माणसाने आपल्या आजूबाजूच्या लोकांना किती मायेने आणि किती बारकाईने बघितलं असेल. म्हशीच्या मानेवरची वळी बघा, कातडं हाडावर कुठे ताणलंय आणि कुठे सुटलंय ते बघा, शरीररचना शिकणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगलं काय दाखवणार? कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्यात, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. देवरुखला कलासंग्रहालय आहे, सावर्ड्याला चित्रकलेचं कॉलेज आहे. आणि सावंतवाडीचेच सावळाराम हळदणकर, ज्यांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र लोकांना प्रिंटवरून माहीत आहे, ते मूळ चित्र बघायचं तर म्हैसूरला जावं लागतं. अलिबागजवळ नागावला जन्मलेले प्रभाकर बरवे, त्यांचं मोठं प्रदर्शन २०१९ मध्ये झालं ते मुंबईत, नॅशनल गॅलरीत. माणसं कोकणात जन्मतात आणि त्यांचं काम बघायला कोकणातल्याच पोरांना गाडीभाडं मोजून जावं लागतं.

पण सगळ्यात मोठं प्रदर्शन तर आपल्या पायाखाली आहे. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर कोरलेली कातळशिल्पं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या ठिकाणांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी. मी कशेळीला गेले. तिथला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. भर दुपारी पोचले तेव्हा समोर नुसता काळा तापलेला सडा, काही म्हणजे काही नीट दिसेना, रेषा दगडातल्या भेगांत मिसळून गेलेल्या. ऊन कलायला लागलं तशी खाचांच्या एका काठाला सावली धरायला लागली आणि आधी पाठीची रेषा, मग पाय, मग पोटातले प्राणी असं एकेक वर येत गेलं. हत्ती तोच होता, उजेडाचा कोन बदलला. मी सायन्सची मुलगी, मला कोनाचं गणित येतं, पण तिथे उभं राहून ते बघणं वेगळं आहे. आणि मग डोक्यात प्रश्नांची रांगच लागली. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडा पण आहे, इथे आज गेंडा कुठे आहे? मग कोरणाऱ्याने तो बघितला कुठे? शिवाय आपल्याला जी शिल्पं सापडलीयत ती जिथे कोणीतरी शोधली तिथे सापडलीयत, गुरं चारायला माणसं जातात तिथे, रस्ता जातो तिथे. जिथे चिऱ्याची खाण झाली, जिथे माती पडून कलमं लागली, तिथली शिल्पं आपल्या मोजणीत येणारच नाहीत. मग नुसत्या सापडलेल्यांवरून ‘त्या काळची माणसं अशाच जागी कोरायची’ म्हणणं धोक्याचं आहे. ही सॅम्पलिंगचीच गोष्ट, साक्याच्या आंब्यांत शिकले तीच, फक्त इथे ती हजारो वर्षांच्या चित्रांना लागू होते. चित्र बघायला गेले आणि स्टॅटिस्टिक्सचा प्रश्न घेऊन परत आले.

यावर जे आक्षेप येतात त्यातला पहिला पैशाचा आहे आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेते. ज्या घरात मुलगी मे महिन्यात कोकमं सोलते, काजू वेचते, मुलगा बोटीवर जातो, तिथे ‘प्रदर्शन बघायला जा’ सांगणं सोपं नाही. मला मावशी होती म्हणून मुंबईत राहता आलं, सगळ्यांना नसते. म्हणूनच तर मी म्हणतेय की हे घराच्या ऐपतीवर सोडू नका, कॉलेजने करा. क्लासच्या फीपुढे एसटीच्या भाड्याला काहीच लागत नाही. आणि काम करणाऱ्या मुलांकडेच तर खरा डेटा आहे, रोज किती किलो कोकमं सोलली, बोटीला कुठल्या महिन्यात कुठला मासा किती लागला, हे त्यांना माहीत असतं, कोणी वहीत लिहायला सांगितलेलं नसतं. त्यांचं ते काम अभ्यास म्हणून धरा.

दुसरा आक्षेप, आता हे सगळं एआय करेल. ग्राफ काढून देईल, मान्य, माझ्यापेक्षा लवकर देईल. पण पाच आंबे कुठल्या ढिगातले ते त्याला कोणीतरी सांगावं लागेल, आणि ते सांगणाऱ्याला प्रश्न पडलेला असावा लागेल. हा आक्षेप मला फार मोठा वाटत नाही.

तिसरा, चित्रं बघून पोट भरतं का. नाही भरत. पोट भरायला पुढे नोकरी करणारच आहोत. पण वीस वर्षांची होईपर्यंत ज्या मुलीने एकही खरं चित्र समोर उभं राहून बघितलेलं नाही, तिला फक्त पोटच आहे असं तुम्ही आधीच ठरवून टाकलंय, आणि हे आपल्याच मुलांबद्दल ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

कागदावर वाट कधीच मोकळी झालीय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्पष्ट लिहिलंय की कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत. आम्हाला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे निवडीचे विषय, आहेत, इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. प्रत्यक्षात आमच्याकडे तरी जे सर मोकळे त्यांचा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून मिळतो आणि इंटर्नशिप म्हणजे कुठूनतरी सर्टिफिकेट आणायचं. त्या क्रेडिटमध्ये उन्हाळ्याचे काही आठवडे असे का देऊ नयेत की मुलांनी आपल्या गावातली एक गोष्ट मोजायची, विहिरीची पातळी, आंब्याची वजनं, मासळीचे भाव, काहीही, आणि आपल्या भागातली एक चित्रांची किंवा शिल्पांची जागा नीट बघून त्यावर लिहायचं. सावर्ड्याच्या चित्रकलेच्या मुलांना सायन्सच्या लॅबमध्ये येऊन सूक्ष्मदर्शकातून चित्रं काढू द्या, आमच्या मुलांना त्यांच्या स्टुडिओत बसून बघू द्या. मोठ्या सरकारी योजनेची वाट बघायची गरज नाही, दोन प्राचार्यांचा एक फोन लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा कायमचा हॉल पण हवा जिथे चित्रं बदलत राहतील आणि आत जायला तिकीट नसेल, ती मागणी नगरपालिकेकडे करायची आहे आणि ती वेळ खाईल, पण करायला हवी.

२९ जूनला सांख्यिकी दिवस असतो, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्मदिवस, २००७ पासून देशभर पाळतात. बऱ्याच ठिकाणी तो एका भाषणात आणि गुच्छात उरकतो. तोपर्यंत कॉलेजं सुरू झालेली असतात आणि पाऊस लागलेला असतो, बाहेर कुठे जाता येत नाही, म्हणजे कॉरिडॉरच्या भिंतीच कामाला येतात. आमच्या वर्गातल्या काही जणींनी ठरवलंय की त्या दिवशी तिथे सुट्टीत काढलेले ग्राफ लावायचे आणि त्यांच्या बाजूला कला महाविद्यालयातल्या मुलांची चित्रं मागवून लावायची. प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहून झालाय. लॅमिनेशन नको, साधा कागद चालेल, चित्रं ओल धरू नयेत म्हणून वरच्या मजल्यावरचा कॉरिडॉर हवा, एवढं त्यात वेगळं लिहिलंय. आणि वर्गातल्या ज्या मुलांचे सुट्टीत क्लास होते त्यांनाही घ्यायचंय, त्यांनी आपल्या बॅचमध्ये किती मुलं होती, कुठल्या गावांहून यायची आणि शेवटपर्यंत किती टिकली ते लिहून आणलं तर त्याचा पण ग्राफ लावू.